शांतम्माच्या पेशी

"मॅडम, एवढ्याशा तुकड्यानं टीव्हीपतुर बी पोचायची न्हाय केबल," गुफरान पकड हातात धरून म्हणाला. "अजून कापू म्हणता?"

"कापा गुफरानभाई. मागच्या वेळेपेक्षा निम्मी."

गुफरानने केबल कापली, टोकं सोलली, पिना बसवल्या आणि तुकडा काउंटरवर ठेवला. पण त्यावरचा हात काढला नाही.

"तिसऱ्यांदा आलाय तुमी. दर वेळी आखूड, अजून आखूड. आता सांगितल्याबिगर द्यायचो न्हाय. काय चाललंय काय?"

महेश्वरी चिलवेरी हसली. सोलापूरच्या पूर्वभागातल्या निम्म्या घरांत एके काळी या माणसाच्या केबलीवर मालिका चालायच्या. आता लोक फोनवरच सगळं बघत होते आणि त्याच्या दुकानात केबलीची भेंडोळी छतापर्यंत चढली होती. असं कुतूहलाने विचारणारं गिऱ्हाईक सोडा, नुसतं गिऱ्हाईकसुद्धा त्याला दिवसभरात क्वचित दिसायचं.

तिने काउंटरच्या काचेवरच्या धुळीत बोटाने एक गोल काढला. "ही आपल्या रक्तातली एक पेशी. हे तिचं बाहेरचं पटल. तेलासारखं पातळ असतं." मग गोलाच्या आत लहान लहान गोल काढले. "आत अशा बारक्या पिशव्या असतात. त्यांनाही पटल असतं. पेशीला विजेचा झटका दिला, की आधी बाहेरचं पटल चार्ज होतं आणि सगळा जोर तेच अंगावर घेतं. आतल्यांना काही पत्ताच लागत नाही. जोर वाढवला, तर बाहेरचंच फाटतं आणि पेशी मरते."

"मग?"

"मग असं, की त्या पटलाला चार्ज व्हायला थोडा वेळ लागतो. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाइतका. झटका त्याच्याही आधी संपला तर?"

गुफरानच्या भुवया वर गेल्या. "तर बाहेरच्याला कळायच्या आत आतल्याला धक्का!"

"बरोब्बर!" ती जवळजवळ ओरडलीच. "ही वीज केबलीत भरून ठेवायची आणि एकदम सोडायची. ती एका टोकाला जाऊन परत येईपर्यंतच झटका चालतो. केबल आखूड, तर झटका आखूड."

"माझ्या केबलीतनं?"

"तुमच्या केबलीतनं."

गुफरानने तुकड्यावरचा हात काढला. "रविवारी कुटं यायचं सांगा. मी येणार."

महेश्वरीने पन्नाशी ओलांडली होती. शहरातल्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायची. दर वर्षी जूनमध्ये नवी नेमणूक, मार्चमध्ये ती संपलेली. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली, त्यातली दोन तर तिच्याच विभागात कायम नोकरीला लागली. तिला कुणी वाईट बोलत नव्हतं. फक्त बैठकीला बोलवायला विसरायचे.

आईने, शांतम्माने, विड्या वळून तिला शिकवलं होतं. विडी कामगारांच्या घरकुलातल्या त्या खोलीत मांडीवर सूप घेऊन बसलेली आई आणि शेजारी जमिनीवर पालथी पडून अभ्यास करणारी महेश्वरी, असंच तिचं सगळं बालपण. आई आता ऐंशीची झाली होती. तंबाखूच्या धुळीने दमा जडला होता. तेलुगू आणि मराठीची मिसळ करत ती दिवसभर कुणाशी ना कुणाशी बोलत असायची, आणि बोलता बोलता दम लागला की पंप ओढून वाक्य तिथूनच पुढे सुरू करायची.

पीएचडीला नाव घालायचं धाडस महेश्वरीने उशिरा केलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका परदेशी नियतकालिकात तिने वाचलं होतं, की अतिशय छोट्या झटक्याने पेशीच्या आतली पटलं उघडतात आणि बाहेरचं शाबूत राहतं. त्या दिवशी ती घरी चालतच आली. रिक्षा करायची असते हे तिच्या लक्षातच आलं नाही. तिने आयुष्यभर अकरावीच्या पोरांना वीज साठवणारा कपॅसिटर शिकवला होता. तोच कपॅसिटर आपल्या रक्ताच्या थेंबात लाखोंनी तरंगतोय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"तिकडे मोठमोठ्या यंत्रांनी केलंय ते," तिचे मार्गदर्शक म्हणाले होते. "आपल्याकडे कसं व्हायचं? सोपा विषय घ्या, चिलवेरी मॅडम." तिने ऐकलं नाही. तेही मग फार बोलले नाहीत. पेशींना द्यायला लागणारे रंग विभागातून मिळवून दिले आणि मुदतवाढीच्या अर्जावर दोनदा सही केली. आता मात्र तिसरी वाढ मिळणार नव्हती. येत्या गुरुवारी समितीपुढे निकाल दाखवायचा, नाहीतर नोंदणी रद्द. आणि तिच्याकडे निकाल म्हणून दाखवायला होत्या फक्त मेलेल्या पेशी.

रविवारी दुपारी साखर पेठेतल्या पॅथॉलॉजी लॅबचं शटर अर्धं वर होतं. डॉक्टर इंद्रजीत मोहिते हा तिचा जुना विद्यार्थी. केम गावाहून सोलापूरला शिकायला आला आणि इथलाच झाला. क्षयाचे जंतू बघायला त्याने एक चमक दाखवणारा सूक्ष्मदर्शक घेतला होता. निळ्या उजेडात रंग लावलेले जंतू त्यात उजळून दिसायचे. रविवारी दुपारी तो सूक्ष्मदर्शक मॅडमचा, असं ठरलेलं होतं. संध्याकाळी पेशंट यायला लागले, की आवरायचं.

आज बरोबर शांतम्माही होती. ती हौसेने आली नव्हती, तिचं काम होतं. महेश्वरीला हवी होती इओसिनोफिल नावाची पांढरी पेशी, कारण तिच्या पोटात टपोऱ्या दाण्यांसारख्या पिशव्या असतात, सहज दिसणाऱ्या. तिच्या स्वतःच्या रक्तात त्या शोधता शोधता डोळे दुखायचे. मागच्या आठवड्यात शांतम्माच्या दम्याचा रिपोर्ट बघताना इंद्रजीतच उडाला होता. "मॅडम, आजींच्या रक्तात तर यांची जत्रा भरलीय की!"

"घे बाबा, घे रक्त," शांतम्माने हात पुढे केला. "हिला लहानपणी दूध दिलं, आता रक्त मागतीय."

इंद्रजीतला शीर सापडायला वेळ लागला. नळी भरू लागली तशी शांतम्मा म्हणाली, "चालु, चालु."

"हो आजी, चालूच आहे."

"चालु रा!" तिने आवाज चढवला.

महेश्वरीला हसू आवरेना. "इंद्रजीत, तेलुगूत चालु म्हणजे पुरे! थांबव म्हणतेय ती!"

इंद्रजीतने घाईघाईने सुई काढली. गुफरान भिंतीला टेकून इतका हसला, की हातातली पिशवी खाली पडली. पण नळी एकच भरली होती. पुन्हा त्या हाताला सुई लावायची नाही, हे कुणी न बोलता ठरलं. त्या एका नळीत काय होईल ते होईल.

रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या. त्यांना दोन रंग दिले. एक, जिवंत पेशीत शिरून हिरवा उजळणारा. दुसरा, बाहेरचं पटल फाटलं तरच आत शिरून लाल दिसणारा. काचपट्टीवर धातूच्या दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये केसाच्या जाडीची फट. केबलीत वीज भरून सोडणारं महेश्वरीचं यंत्र पट्ट्यांना जोडलं आणि त्या फटीत थेंब सोडला. खिडक्यांचे पडदे ओढले. इंद्रजीतने सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा संगणकाला जोडला आणि पडद्यावर हिरव्या चकत्या उमटल्या. प्रत्येकीत काळे ठिपके. हिरवा रंग पिशव्यांत शिरत नव्हता, म्हणून त्या काळ्या.

"ह्ये आज्जीचं रक्त?" गुफरान पुटपुटला.

"पांढरं रक्त," महेश्वरी म्हणाली. "सगळ्यांनी हात मागं घ्या."

तिने कळ दाबली. टच्. पडद्यावर काही क्षण काहीच झालं नाही. मग एका चकतीच्या मधोमध लाल डाग पसरला. दुसरीत. तिसरीत. हिरवा रंग काठावरून बाहेर वाहून गेला. बाहेरचं पटल फाटलं होतं. पुन्हा तेच.

तिने दुसरा थेंब लावला. टच्. लाल.

गुफरान हळूच म्हणाला, "अजून आखूड करू का, मॅडम?"

"नको." ती स्टुलावर बसली. मग एकदम सावरून बसली. "थांबा. निम्मी केली तरी तेवढंच नुकसान? असं कसं? झटका निम्मा झाला, तर काहीतरी फरक पडायला पाहिजे होता. एक चकतीतरी कमी लाल व्हायला पाहिजे होती!"

"म्हणजे?"

"म्हणजे लांबीचा प्रश्नच नाही. दुसरंच काहीतरी आहे. इंद्रजीत, तो ऑसिलोस्कोप इकडे घे."

कॉलेजातून आणलेला, विजेचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप ती आजवर यंत्राच्या बाजूला जोडत आली होती. झटका तिथून निघताना सरळ, नेटका दिसायचा. पेशीपर्यंत पोचल्यावर तो कसा दिसतो, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. आता तिने तारा थेट काचपट्टीवरच्या पट्ट्यांना लावल्या, मधे नुसत्या मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला आणि कळ दाबली.

त्याच्या पडद्यावर एक उंच टेकडी उमटली. आणि तिच्यामागे दुसरी, थोडी बुटकी. मग तिसरी. मग टेकड्यांची रांगच.

"अरे देवा," महेश्वरी आनंदाने म्हणाली. "हे बघा! एक झटका नाहीये हा. केबल आणि थेंब यांचा मेळ बसत नाहीये. थोडी वीज थेंबात जातेय, बाकीची आपटून मागं फिरतेय, टोकाला जाऊन परत येतेय. पेशीला मी एक टपली मारतेय असं समजत होते, आणि तिला बिचारीला दणादण मार बसतोय!"

गुफरानने कपाळावर हात मारला. "भूत! मॅडम, हे तर आमचं भूत! पूर्वी जोडणी खराब असली की टीव्हीवर माणसामागं माणूस दिसायचा, फिक्कट. लोक म्हणायचे, गुफरान, हिरोईनीचं भूत घालव!"

"तेच भूत! आता घालवू या त्याला." तिने जवळच्या पाकिटावर आकडेमोड केली, एकदा, दोनदा. "थेंबाचा रोध केबलीच्या मानाने फारच कमी आहे. एकाच केबलीने मेळ बसायचा नाही. सारख्या लांबीचे बरेच तुकडे शेजारी शेजारी जोडायचे. सगळ्यांनी मिळून एकदम सोडायचं. तुमच्याकडे..."

गुफरानने खाली पडलेली पिशवी उचलून टेबलावर रिकामी केली. केबलीचं एक अख्खं भेंडोळं, पकड, पिनांचा डबा. "शटर लावताना म्हटलं, मॅडमचा काय भरवसा न्हाय."

पुढचा तासभर लॅबमध्ये फक्त पकडीचा आवाज होता. गुफरान तुकडे कापायचा, इंद्रजीत मोजायचा, महेश्वरी टोकं एकत्र जोडायची. बाहेर ऊन तापलं होतं. गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट रविवारीही थांबलेली नव्हती. शांतम्मा बाकावर पदराने वारा घेत सगळ्यांना सूचना देत होती, आणि त्या कुणी ऐकत नव्हतं याचं तिला काही वाटत नव्हतं.

शेवटी मिठाच्या पाण्यावर पुन्हा चाचणी. टच्. एक टेकडी. फक्त एक. आणि पुढे सपाट माळ.

"गेलं!" गुफरान ओरडला. "भूत गेलं!"

"हळू," महेश्वरी म्हणाली. तिने नळीतला पेशींचा थेंब घेतला, फटीत सोडला, पडद्याकडे बघत नेमकी जागा शोधली. हिरव्या चकत्या. काळे दाणे. शांतपणे तरंगणारी तिची आई.

टच्.

चकत्या तशाच होत्या. लाल कुठेच नाही. हिरवा रंग काठाच्या आत, जागच्या जागी.

"काहीच झालं नाही का?" इंद्रजीत कुजबुजला.

"बघ. दाण्यांकडे बघ."

एका चकतीतला एक काळा दाणा करडा झाला. मग हिरवट. मग त्याच्या शेजारचा. जणू कुणी आतून एकेक दिवा लावत चाललं होतं. दाण्यांची पटलं उघडली होती आणि हिरवा रंग त्यांत शिरत होता. बाहेरचं पटल मात्र धड, त्याला दारात कोण येऊन गेलं त्याची खबरच नाही. बघता बघता अख्खी पेशी आतून-बाहेरून हिरवी झाली.

"मॅडम!" इंद्रजीतने टेबलावर हात आपटला आणि मग सूक्ष्मदर्शक हलेल म्हणून घाबरून हात मागे घेतला. "मॅडम, झालं की! झालं!"

गुफरान काहीतरी दखनी उर्दूत बोलत होता, अल्लाचं नाव घेत होता, आणि इंद्रजीतची पाठ थोपटत होता. महेश्वरी मात्र पडद्याला नाक लावून उभी. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं सुचत नव्हतं.

"एमैंदे, बिड्डा?" शांतम्मा बाकावरून उठली. काय झालं गं पोरी?

"अम्मा, इकडे ये. हे बघ. ही तू."

शांतम्माने डोळे बारीक करून पडद्याकडे बघितलं. "मी एवढी हिरवी?"

सगळे पुन्हा हसले. पण महेश्वरीने डोळे पुसले आणि स्टूल पुढे ओढलं. "इंद्रजीत, एकदा झालं म्हणजे काही झालं नाही. मला वाटतंय म्हणून मला दिसत असेल. आता मी पाठ फिरवून बसते. तू थेंब लाव. वाटलं तर झटका दे, कमी-जास्त जोराचा, वाटलं तर कळ यंत्रापासून सोडवून नुसती दाब, आवाज तेवढा होऊ दे. मला सांगू नकोस. मी फक्त पडदा बघून सांगेन."

नळीतला थेंबन् थेंब त्यांनी वापरला. ती वळायची, बघायची, सांगायची. "दिला." "नाही दिलास." "दिला, पण कमी जोराचा." दर वेळी गुफरान इंद्रजीतच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि इंद्रजीत मान हलवायचा. बरोबर. बरोबर. हेही बरोबर. शेवटच्या थेंबापर्यंत तिचं एकदाही चुकलं नाही. शटरपाशी संध्याकाळचा पहिला पेशंट येऊन खोकला, तेव्हा कुठे त्यांनी पडदे सरकवले.

गुरुवारी समितीतल्या एका सदस्याने विचारलं, "हे इथे केलंत? सोलापुरात?"

"हो सर. साखर पेठेत."

ते सदस्य कॅमेऱ्याने टिपलेली चित्रफीत पुन्हा बघू या म्हणाले. मग तिसऱ्यांदा. मार्गदर्शक सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग परत येऊन म्हणाले, "चिलवेरी मॅडम, लिहायला घ्या आता."

तिने वर्षभर लिहिलं. एक नेमणूक संपली, दुसरी आली. कायम जागा निघेल असं कॉलेजात कुणीतरी म्हणायचं, दुसरं कुणीतरी नाही म्हणायचं. ती लिहीत राहिली. त्या वर्षात शांतम्माचा दमा वाढला. पंप आता उशाशी असायचा आणि वाक्यं अर्धीच राहू लागली.

शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली होती. विद्यापीठाच्या सभागृहात विद्यार्थी होते, शिक्षक होते, तिच्या कॉलेजातले ते दोन जुने विद्यार्थीही होते. इंद्रजीत लॅब बंद ठेवून आला. गुफरान कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसला आणि त्याच्या केबलीचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा त्याने शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं. शांतम्मा पहिल्या रांगेत, मांडीवर पंप घेऊन.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पुष्कळ विचारलं. महेश्वरीने पुष्कळ सांगितलं. बोलताना तिचे हात हवेत गोल काढत होते, गोलांच्या आत गोल काढत होते. मध्येच ती इतकी रंगात आली, की परवानगी न घेता फळ्याकडे गेली आणि परीक्षकही उठून तिच्या मागे गेले.

मग अध्यक्ष सभागृहाकडे वळून म्हणाले, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

शांतम्माने हात वर केला.

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी हातानेच त्याला थांबवलं. "विचारा, आजी."

शांतम्मा खुर्चीचा हात धरून उभी राहिली. दम खायला थोडा वेळ लागला. तोवर सगळे थांबले.

"त्या पेशी," ती म्हणाली, "मागनं जगल्या का?"

महेश्वरीने हातातला खडू खाली ठेवला. याचं उत्तर तिच्या प्रबंधात होतं, एक अख्खं प्रकरण होतं, आकृत्यांसह. ती आईकडे वळली.

"काही जगल्या, अम्मा. त्यांनी आतली पटलं पुन्हा जोडून घेतली. बऱ्याच नाही जगल्या. काही तास नेहमीसारख्या दिसायच्या. मग त्यांचं त्याच आवरून घ्यायच्या. हळूहळू लहान व्हायच्या. फुटत नाहीत, आजूबाजूच्यांना इजा करत नाहीत."

"तरास?"

"नाही अम्मा. त्रास नाही."

"मंचिदी," शांतम्मा म्हणाली. बरं झालं. तिने पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला, अध्यक्षांना हात जोडले आणि खाली बसली. तिच्या शेजारी परत येऊन बसलेल्या परीक्षकांनी आपल्या पुढ्यातला पाण्याचा पेला उचलून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.